डाव्या हाताचा वारा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कार्नार्वन गावातून महामार्गाने थोडं उत्तरेला गेलं की समुद्राकडे जाणारा फाटा लागतो. पाऊण तासाने डांबरी रस्ता थेट समुद्रासमोर येऊन थांबतो आणि डावी-उजवीकडे फुटतो. तिथे एक पाटी उभी आहे. तिच्यावर तीनच शब्द : ‘किंग वेव्ह्ज किल’. दांडग्या लाटा जीव घेतात. जवळच क्वोबाचा खडकाळ किनारा आहे. लाट खालच्या कपारीत शिरते आणि खडकाला पडलेल्या भोकांतून कारंज्यासारखी उसळून वर येते. ते बघत उभं राहिलेल्या माणसाला त्या तीन शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उजवीकडे वळलं की डांबर संपतं. पुढचा सुमारे ७५ किलोमीटरचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा, गाडीचा खिळा न् खिळा हलवणारा. एका बाजूला लाल माती आणि खुरटी झुडपं, दुसऱ्या बाजूला हिंदी महासागर. वाटेत गाव नाही, दुकान नाही. रेड ब्लफ, मग ग्नारालू. हा सगळा भाग म्हणजे मेंढ्यांच्या कुरणांसाठी सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेली अफाट जमीन आहे, अशा जमिनीला तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात. या स्टेशनांच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी तंबू ठोकून राहता येतं. पर्थ शहर इथून दक्षिणेला हजारएक किलोमीटरवर राहिलं. हे निंगालू किनाऱ्याचं दक्षिण टोक. इथून उत्तरेला नॉर्थ वेस्ट केपपर्यंत जवळपास ३०० किलोमीटर प्रवाळाची एक भिंत किनाऱ्याला लगटून गेली आहे. ती कुठे हाकेच्या अंतरावर आहे, तर कुठे सहा-सात किलोमीटर आत.

हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, इथे सर्फिंगवाले येतात, कारण तेव्हा दक्षिण महासागरातली वादळं मोठ्या लाटा धाडतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दिवस वाऱ्याचे. तेव्हा येतात ते काइटसर्फर : कमरेला पतंग बांधून, पायाखाली फळी घेऊन पाण्यावर पळणारे. हा खेळ पुष्कळ ठिकाणी खेळता येतो. पण प्रवाळाच्या भिंतीआड, मदतीपासून इतक्या दूर तो खेळायचा तर आधी तिथला वारा आणि तिथलं पाणी कसं चालतं ते नीट समजून घ्यावं लागतं. मला या किनाऱ्याचं सगळ्यात जास्त आकर्षण वाटतं ते त्या समजण्याचं. फळीवर उभं राहणं त्या मानाने सोपं आहे.

सुरुवात भिंतीपासून करू. जगाच्या नकाशावर खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांकडे पाहिलं तर या अक्षांशांत समुद्र थंड असतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने हम्बोल्ट प्रवाह, आफ्रिकेच्या किनाऱ्याने बेंगुएला प्रवाह थंड पाणी विषुववृत्ताकडे वाहून नेतात. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा याला अपवाद आहे. इंडोनेशियाच्या बेटांमधून पॅसिफिकचं ऊबदार पाणी हिंदी महासागरात उतरतं आणि त्यातला एक पट्टा, लीविन प्रवाह, या किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो. म्हणून मकरवृत्तावरही प्रवाळाला हवी तशी ऊब मिळते.

दुसरं कारण आपल्याला कोकणातून चटकन कळेल. सह्याद्रीवर पडलेला पाऊस वाशिष्ठी, सावित्री, काळी अशा नद्यांतून गाळ घेऊन समुद्रात येतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचं पाणी मातकट होतं, आणि प्रवाळाला गाळ सोसत नाही, त्याला स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन हवं. म्हणून मालवणजवळ प्रवाळ आहे, पण तुकड्यातुकड्याने. निंगालूच्या मागची जमीन जवळजवळ वाळवंट आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर, बारमाही नदी एकही नाही. गाळ येत नाही, पाणी काचेसारखं राहतं आणि प्रवाळ किनाऱ्याच्या इतक्या जवळ वाढू शकतं. जो कोरडेपणा तंबूत राहणाऱ्याला पाण्याचा एकेक कॅन मोजायला लावतो, त्याच कोरडेपणातून ही भिंत उभी राहिली आहे.

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळे शाळेत शिकलो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. निंगालूच्या मागे जे तापतं ते साधंसुधं नाही. उन्हाळ्यात आतल्या भागात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि त्या भट्टीवर हवेच्या कमी दाबाचा पट्टा तयार होतो. दक्षिणेला समुद्रावर जास्त दाबाचं केंद्र असतं. त्यामुळे वारा मुळातच दक्षिणेकडून किनाऱ्याला समांतर वाहत असतो, आणि दुपारी त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते.

इथे पृथ्वीचं फिरणं आपला हात दाखवतं. दक्षिण गोलार्धात वाहता वारा डावीकडे वळतो. पश्चिमेकडून जमिनीवर यायला निघालेला वारा वळत वळत नैर्ऋत्येचा आणि मग दक्षिणेचा होतो. आपल्याकडे उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो. म्हणून कोकण-गोव्यात मार्च ते मेच्या दुपारी वारा वायव्येकडून लागतो. एकच नियम, दोन किनाऱ्यांवर आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा. गोव्यातल्या मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडे तोंड करून उभं राहिलात तर वारा उजव्या गालावर येतो. ग्नारालूला तो डाव्या गालावर येतो.

आणि जोरात येतो. जानेवारीत दुपारी २० ते २५ नॉट ही नेहमीची गोष्ट, ३० नॉटही नवलाचे नाहीत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे २५ नॉट झाले ताशी ४६ किलोमीटर. स्कूटरवर चष्म्याशिवाय या वेगाने जाताना डोळ्यांना जे होतं, ते इथे नुसतं वाळूत उभं राहून होतं, तासन् तास.

हा वारा किनाऱ्याला जवळजवळ समांतर, किंचित आत येणारा असतो. काइटसर्फिंगला हीच दिशा सगळ्यात चांगली. थेट जमिनीकडे वाहणारा वारा माणसाला किनाऱ्यावर आदळतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा त्याहून वाईट : काही बिघडलं तर तो माणसाला प्रवाळापलीकडे घेऊन जातो, आणि पलीकडे थेट मॅडागास्करपर्यंत मोठी जमीन नाही. निंगालूवर सकाळचा वारा बहुतेकदा असाच असतो, आग्नेयेचा, जमिनीवरून येणारा. तो दिसायला मऊ, पाणी सपाट, ऊन कोवळं. नवख्याला वाटतं, हीच वेळ चांगली. पण त्या वेळी पतंग गुंडाळीतच राहू द्यायचा. दुपारचा वारा पांढऱ्या फेसाचे ठिपके उठवत येतो, जास्त राकट दिसतो, पण तो माणसाला किनाऱ्याकडे परत ढकलणारा आहे.

मात्र वारा ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी पाण्याखाली आहे, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची.

प्रवाळाची भिंत आणि किनारा यांच्यामध्ये उथळ पाण्याचा पट्टा असतो, त्याला लगून म्हणतात. निंगालूत त्याची खोली साधारण दोन ते चार मीटर. बाहेर महासागराच्या लाटा भिंतीवर फुटतात आणि आत हे पाणी तळ्यासारखं हिरवंनिळं पसरलेलं असतं. भिंतीने समुद्र अडवला आहे असं वाटतं. पण फुटणारी प्रत्येक लाट थोडं पाणी भिंतीवरून आत ढकलते. धरणाच्या सांडव्यावरून पाणी ओसंडावं तसं, दर दहा-पंधरा सेकंदांनी, रात्रंदिवस. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा किंचित वर चढते. हे पाणी परत कुठून जाणार? ज्या वाटेने आलं त्या वाटेने जाऊ शकत नाही, तिथे मागून लाटा लोटतच असतात. ते लगूनमध्ये आडवं वाहत जातं आणि भिंतीत जिथे खिंड असेल तिथून बाहेर पडतं. मैलभर पसरलेलं पाणी एका खिंडीतून निघायचं म्हटल्यावर तिथे त्याला नदीसारखा वेग येतो.

म्हणून या किनाऱ्यावर पोचल्यावर पहिलं काम पतंग उघडायचं नाही. उंचवट्यावर चढायचं आणि अर्धा तास नुसतं बघायचं. दूरवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसते. ती रेघ जिथे तुटते, जिथे फेस नाही, पाणी गडद निळं आणि गुळगुळीत आहे, तिथे खिंड आहे. घात असा की संपूर्ण देखाव्यात हीच जागा सगळ्यात शांत दिसते. पोहायला जाणाऱ्याचे पाय नेमके तिकडे वळतात. कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यांवरही फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये असाच एक शांत पट्टा दिसतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथून मागे ओढलं जात असतं. दर सुट्टीच्या मोसमात तिथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. निंगालूची खिंड हे त्याच ओढीचं कायमचं, दगडात कोरलेलं रूप.

आणखी एक गोष्ट अशी की हा प्रवाह लाटांवर चालतो, स्थानिक वाऱ्यावर नाही. हजारो किलोमीटर दक्षिणेला काही दिवसांपूर्वी उठलेल्या वादळाच्या लाटा आज इथे पोचल्या की वारा नसतानाही खिंडीचा ओघ वाढतो. आकाश निरभ्र, तंबूचं कापड निपचीत, आणि पाणी मात्र धावत असतं. वाऱ्याचा अंदाज पाहणारे पुष्कळ असतात. लाटांची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर पाहणारे कमी असतात, पण या किनाऱ्यावर ते आकडे आधी पाहावेत.

खिंड वाऱ्याच्या दिशेने किती अंतरावर आहे, हा प्रश्न त्यामुळे जिवाचा होतो. वारा दक्षिणेचा, म्हणजे पाण्यात पडलेला माणूस उत्तरेला सरकणार. उत्तरेला अर्ध्या किलोमीटरवर खिंड असेल तर पतंग पाण्यात पडल्यावर हातात मिनिटं किती उरतात, ते किनाऱ्यावर असतानाच मोजून ठेवायचं. खिंड दक्षिणेला असेल आणि उत्तरेला लांबच लांब वाळू असेल, तर तोच वारा माणसाला किनाऱ्यावर आणून सोडतो.

आता पतंगाकडे वळू. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या माणसाला या पतंगाचं निम्मं शास्त्र ठाऊक असतं. ढील दिली की ओढ कमी होते, खेचलं की तो चढतो, वारा तुटला की गोते खातो. फरक आकाराचा. इथला पतंग सात ते बारा चौरस मीटरचा, म्हणजे लहानशा खोलीएवढा. दोऱ्या वीस-चोवीस मीटर लांब आणि बहुधा चार. पुढच्या दोन भार घेतात आणि कमरेच्या पट्ट्याच्या हुकाला जोडलेल्या असतात, मागच्या दोन दिशा देतात. हातात एक आडवी दांडी असते, तिला बार म्हणतात. बार जवळ ओढला की पतंग वाऱ्याला जास्त अंग देतो आणि ताकद वाढते, लांब सोडला की अंग चोरतो आणि ताकद उतरते.

पाण्यात पडलेला पतंग परत उडवता येणं हा या खेळाचा कळीचा प्रश्न होता. तो फ्रान्सच्या दोन भावांनी सोडवला. ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू यांनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या कडेचा पतंग तयार करून त्याचं पेटंट नोंदवलं. पुढची कड आणि आडव्या फासळ्या पंपाने फुगवायच्या, म्हणजे पतंग बुडत नाही, आकार सोडत नाही आणि एका बाजूची दोरी ओढली की पाण्यावरून पुन्हा उठतो. खेळ जगभर पसरायला पुढे पंधराएक वर्षं लागली, पण आजही बहुसंख्य पतंग याच कल्पनेवर चालतात.

एक हिशेब मात्र गच्चीवर कधी करावा लागत नाही. वाऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. वारा १२ नॉटवरून २४ झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. २० वरून २८ म्हणजे ओढ दुप्पट. ग्नारालूला दुपारी दोन वाजता १८ असलेला वारा चारला २६ होतो, तेव्हा ज्या पतंगाशी माणूस मजेत खेळत होता तोच त्याला उचलून वाळूवर फेकू शकतो. म्हणून तिथले जाणते लोक वाढत्या वाऱ्यात आधीच लहान पतंग बांधतात आणि पहिला तासभर थोडं मंद पळणं पत्करतात.

पतंग उघडण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. तो पालथा घालून, पुढची कड वाऱ्याकडे करून त्यावर ओंजळी ओंजळींनी वाळू टाकतात, नाही तर तो पहिल्याच झोतात निघून जाईल. पंप मारून झाला की फुगलेल्या कडेवर टिचकी मारायची. ठणठणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर अजून हवा हवी. मग दोऱ्या उलगडत चालत जायचं आणि परत येताना त्या बोटांमधून केस विंचरल्यासारख्या सोडवत यायचं. डावी-उजवी अदलाबदल झाली तर पतंग उठताक्षणी उलट दिशेला झेपावतो. शेवटी सुटकेची कळ. कमरेच्या हुकावर एक तांबडी मूठ असते. ती पुढे ढकलली की पतंग एका दोरीवर लोंबकळत शांत होतो. ही मूठ डोळे मिटून सापडली पाहिजे. दरवेळी, उडवायच्या आधी, ती एकदा ढकलून पुन्हा जोडून पाहणारी माणसं दिसतात. पतंग उचलायचा तो नेहमी पाण्याच्या बाजूने. खडक, गाड्या, तंबू वाऱ्याच्या पुढच्या दिशेला असतील तर तिथे उडवायचाच नाही.

प्रवाळाच्या किनाऱ्यावर ओहोटी हा वेगळा विषय. भरतीला ज्या पाण्यावर फळी सुरळीत जाते, तिथेच ओहोटीला प्रवाळाचे शेंडे वीतभर खोलीवर आलेले असतात. आपल्या मच्छीमारांना उधाण आणि भांग सांगावं लागत नाही. इथेही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला ओहोटी जास्त खाली जाते आणि खेळायची वेळ आक्रसते. फळीचा खालचा पंख अडकला की माणूस पुढे फेकला जातो आणि हात टेकतो तो सुऱ्यांवर. प्रवाळाची जखम छोटी दिसते, पण तिच्यात चुन्याचे कण आणि जिवंत पेशी राहतात, ती चिघळते आणि आठवडे भरत नाही. तिथल्या तिथे गोड्या पाण्याने, ब्रशने घासून साफ करावी लागते. दुखतं, पण करावं लागतं. शिवाय प्रवाळावर पाय देणं म्हणजे कित्येक वर्षांची वाढ एका पावलात मोडणं. पायात रबरी बूट घालायचे ते आपल्यासाठी. आणि पाय टेकायचा तो वाळूच्याच पट्ट्यावर. दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही या पाण्यात असतो, हे आणखी एक कारण.

हे सगळं लक्षात घेता, शिकायला म्हणून निंगालूला जाऊ नये. शिकायला रुंद वाळूचा किनारा, खाली काही टोचणार नाही असं पाणी आणि शेजारी शिक्षक हवा. गोव्यात असे वर्ग चालतात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढत परत निघालो त्याच जागी येणं, पतंग पडला तर दोऱ्या बारला गुंडाळत त्याच्यापर्यंत पोचणं आणि त्याचंच शीड करून किनाऱ्याला लागणं, एवढं अंगवळणी पडल्यावरच भिंतीजवळ जावं.

खेळ दिवसाचे तीन-चार तास चालतो. उरलेले वीस तास तंबूत असतात, आणि वारा तिथेही सोबतीला असतो. वाळूत साधी खुंटी धरत नाही. दुपारच्या पहिल्या झोतात ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. तिथे चालतो तो उपाय असा : एक मजबूत कापडी पिशवी घ्यायची, तिच्या तोंडाला तंबूची दोरी बांधायची, पिशवीत वाळू भरायची आणि दीड फूट खोल खड्ड्यात ती पुरून वर पाय देऊन दाबायची. दोरी जितकी तिरपी, तितकी पकड चांगली. तंबू बुटका हवा, त्याची अरुंद बाजू दक्षिणेला, दार उत्तरेला. ऑस्ट्रेलियन लोक बरेचदा तंबूऐवजी स्वॅग आणतात : जाड कॅनव्हासची वळकटी, उलगडली की आत गादी, वरून झाकण. वाऱ्याला धरायला तिच्यात फारसं काही नसतं, म्हणून ती या किनाऱ्याला शोभते.

वाळूच्या टेकड्यांवर मात्र तंबू लावायचा नाही. त्या टेकड्या गवताच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. तुडवून गवत मेलं की त्याच जागेतून वारा टेकडी पोखरायला लागतो. टेकडीमागे, आखून दिलेल्या जागेत राहायचं. वाळूवर गाडी न्यायची परवानगी असेल तिथे टायरची हवा निम्म्यापर्यंत उतरवायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही.

पाणी सगळं बरोबर न्यायचं. नुसतं पिण्यासाठी माणशी रोज पाच लिटर धरावं, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि गाडी बिघडली तर म्हणून दोन दिवसांचं वेगळं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात वाळूने घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. स्वयंपाक सकाळी दहाच्या आत उरकलेला बरा. नंतर गॅसची ज्योत आडवी होते आणि भातात वाळू येते. आपल्या भाकरी, चटण्या, मेतकूट यांचा इथे खरा उपयोग आहे, कारण दुपारी काही शिजवावं लागत नाही. शेकोटीसाठी झुडपं तोडायची नाहीत. वाळवंटी प्रदेशात वाळलेलं लाकूडही कित्येक सरड्यांचं घर असतं. काही जागी स्वतःचा रासायनिक संडास बरोबर असल्याशिवाय राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कचरा आणला तसा परत न्यायचा.

मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. उपग्रहावरून संकटाचा संदेश देणारं छोटं यंत्र प्रत्येकाच्या अंगावर हवं, तंबूत ठेवलेल्याचा पाण्यात उपयोग नाही. या किनाऱ्याचा एकाकीपणा इतिहासात एकदा फार कठोरपणे नोंदला गेला आहे. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी इथून दूर समुद्रात ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका आणि ‘कोर्मोरान’ हे जर्मन जहाज यांची गाठ पडली आणि दोन्ही बुडाली. ‘सिडनी’वरच्या ६४५ जणांपैकी एकही वाचला नाही. ‘कोर्मोरान’च्या दोन नावा काही दिवसांनी याच क्वोबा-रेड ब्लफच्या किनाऱ्याला लागल्या. दोन्ही जहाजांचे अवशेष सापडायला २००८ साल उजाडावं लागलं.

वाऱ्याचा मोसम हाच चक्रीवादळांचाही मोसम, हे विसरता येत नाही. मार्च १९९९ मध्ये ‘व्हान्स’ वादळ या किनाऱ्याच्या उत्तर टोकाच्या एक्समाउथ गावावरून गेलं तेव्हा तिथून जवळच्या लिअरमथला ताशी २६७ किलोमीटरचा झोत मोजला गेला. हवामान खात्याने इशारा दिला की खेळ, सुट्टी, भरलेले पैसे सगळं बाजूला ठेवून निघायचं, कारण पाऊस पडल्यावर तो कच्चा रस्ता बंद होतो.

आणि याच महिन्यांत रात्री वाळूवर दुसरे पाहुणे येतात. ग्नारालूच्या खाडीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी लॉगरहेड कासवांच्या माद्या अंडी घालतात. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचं आहे : रुंद ट्रॅक्टरसारखा माग, वर टेकडीपाशी विस्कटलेली वाळू. पिल्लू बाहेर आल्यावर जिकडे क्षितिज उजळ, तिकडे निघतं. समुद्रावरचा चांदण्यांचा उजेड त्याची वाट असते. टेकडीमागच्या तंबूतला एक कंदील ती वाट उलटी फिरवतो. म्हणून अंधार पडल्यावर किनाऱ्याकडे दिवा न्यायचा नाही, आणि दुपारी पिशव्या पुरायला खणलेले खड्डे निघताना बुजवायचे. त्यात पडलेल्या पिल्लाला वर येता येत नाही. ग्नारालूला २००८ पासून दहाएक वर्षं या घरट्यांची रोज पहाटे मोजणी झाली, आणि युरोपातून आणलेल्या कोल्ह्यांचा बंदोबस्त केल्यावर अंडी वाचू लागली.

हा किनारा असा राहिला, तो आपोआप नाही. याच किनाऱ्यावरच्या कोरल बे या छोट्या गावाजवळ मोठं रिसॉर्ट आणि बोटींचा तळ उभारायचा बेत होता. त्याविरुद्ध पश्चिम ऑस्ट्रेलियातले हजारो लोक उभे राहिले, कादंबरीकार टिम विन्टन त्यांत आघाडीवर होते, आणि २००३ मध्ये सरकारने तो बेत फेटाळला. २०११ मध्ये निंगालू जागतिक वारशाच्या यादीत आलं. बैयुंगू, थालान्जी आणि यिंगार्डा हे इथले मूळ लोक. त्यांचा या भूमीवरचा हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केला, आणि किनाऱ्याच्या काही भागाचा कारभार आता त्यांच्या सहभागाने चालतो. तरी समुद्र तापण्यावर कोणत्याही पाटीचा इलाज चालत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की भिंतीवरचं प्रवाळ लांबच लांब पांढरं पडलं.

तंबूत आठवडा काढलेल्या माणसाला हा वारा नकोसा होतो. कानात, डोळ्यांत, चहात वाळू, रात्रभर कापडाचा फडफडाट. कोरल बेजवळच्या बिल्स बे या उपसागरात मार्च २०२२ मध्ये उलट घडलं. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये पौर्णिमेनंतर काही रात्री प्रवाळ एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतं आणि वारा-लाटा ती पसरवून नेतात. त्या वर्षी नेमके ते दिवस पडलेल्या हवेचे निघाले. लाट नाही, वारा नाही. बीजांचा गुलाबी-तपकिरी तवंग त्या उपसागरातच साचून राहिला, कुजला, आणि कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. हजारो मासे मेले. त्या वर्षापर्यंत जिथे माणसं मुलांना घेऊन किनाऱ्यावरून चालत प्रवाळ पाहायला उतरायची, तिथलं बहुतेक प्रवाळ काही दिवसांत मेलं. आता तिथल्या खरखरीत सांगाड्यांवर शेवाळ आहे, आणि मधूनमधून नखाएवढी नवी प्रवाळं धरू लागली आहेत.